इसबावर लॅव्हेंडर / टी ट्री तेल लावलं तर चालतं का? (लेक साडेपाच वर्षांची)

ओवीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लेक साडेपाच वर्षांची. दोन वर्षांची असल्यापासून इसब आहे, कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे आणि थंडीत मनगटावर. ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको, दिवसा खेळण्याच्या नादात विसरते पण रात्री झोपेत खर्र खर्र आवाज यायला लागला की आम्ही दोघं उठून बसतो, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. स्किनच्या डॉक्टरांनी एक स्टिरॉइडचं मलम आणि एक मॉइश्चरायझर दिलंय, लावलं की आठवड्यात छान, बंद केलं की पंधरा दिवसांत परत पहिले पाढे. त्यात सासूबाईंना कुणीतरी व्हॉट्सॅपवर स्टिरॉइडने कातडी कागदासारखी होते असा व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून ते मलम कपाटाच्या वरच्या खणात गेलंय.

गणपतीत नणंद आली होती. ती हल्ली ही इसेन्शियल ऑइलं विकते (चेनवालं आहे, नाव घेत नाही, घरचं प्रकरण आहे). तिनं ओवीचे हात बघितले आणि दोन बाटल्या काढून दिल्या, लॅव्हेंडर आणि टी ट्री, म्हणाली केमिकल काही नाही वहिनी, झाडाचं तेल आहे, खोबरेलात घालून चोळ. मी वाटीत साधारण ५० मिली खोबरेल घेतलं, दोन्ही मिळून तीस-पस्तीस थेंब टाकले आणि रोज रात्री आंघोळ झाली की लावायला लागले. खरं सांगते, पहिले दहा-बारा दिवस जादू. लाली गेली, खरखरीतपणा गेला, पोरगी सलग झोपली. मी नणंदेला फोन करून थँक्यू पण म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात कोपराच्या घडीत परत लाल झालं, पण ह्यावेळी वेगळंच, मोहरीएवढे पाण्याचे फोड, थोडी लस पण येत होती, आणि मानेवर आणि डोळ्यांच्या पापण्यांवर पण आलं, जिथे मी तेल लावलेलंच नाही!! नणंद म्हणते हे चांगलं लक्षण आहे, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं विष बाहेर पडतंय, आता थांबू नको, जिथे जास्त आहे तिथे बाटलीतलं थेट लाव. दोन दिवस तेही केलं. पोरगी किंचाळली, मग मी बंद केलं.

आता माझं डोकं चालत नाहीये. हे खरंच बरं व्हायच्या आधीचं वाढणं आहे का? का माझं प्रमाण चुकलं? का ह्या तेलांचीच अ‍ॅलर्जी झाली, आणि तसं असेल तर पहिले बारा दिवस बरं कसं वाटलं?

मिसळ_जास्त_तर्री

विष बाहेर पडतंय म्हणणाऱ्या व्यक्तीला आधी बाहेर काढा. बाकी जाणकार येतीलच, मी चिवडा घेऊन बसलोय.

तुळशीबागवाली

ओवीच्या आई, घाबरू नका पण सगळं खापर तेलांवर फोडू नका एवढंच सांगते. मला जीन्सचं बटण लागतं तिथे, बेंबीच्या खाली, कायम चट्टा उठायचा, निकेलची अ‍ॅलर्जी आहे, खोटे कानातले घातले तरी कान सुजतात. त्या चट्ट्यावर मी टी ट्री लावते, खाज अर्ध्या तासात बसते, चार वर्षं वापरतेय, काही झालं नाही. ऑस्ट्रेलियात ह्याच्यावर रीतसर संशोधन झालंय, हातात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत खाज-सूज आणणारं रसायन) टोचून गांधी उठवली आणि टी ट्री लावल्यावर ती कमी फुगली. म्हणजे आजीबाईचा बटवा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ही. तुमचं प्रमाण चुकलंय असं मला वाटतं, लहान मुलांना एवढं स्ट्राँग नाही लावत हो.

साबणवाली_नाशिक

ताई, माझी गोष्ट वाचा आणि आज रात्रीपासून ते तेल हातात पण घेऊ नका.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी साबण करायला लागले, आधी हौस म्हणून, मग ऑर्डरी यायला लागल्या. गवती चहा, लवंग, रोशा (तेही सुवासिक गवतच), लॅव्हेंडर, सगळी तेलं शुद्ध आणायचे, स्वस्तातलं सेंट कधी घातलं नाही ह्याचा कोण अभिमान होता मला. हातमोजे मात्र घालायचे नाही, बॅटरचा अंदाज हाताने येतो म्हणून. आठ-नऊ महिने काही नाही. मग बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे फोड, मग कातडी सोलवटायला लागली, मग भेगा, कणीक मळताना डोळ्यात पाणी यायचं. मला वाटलं भांड्यांच्या साबणानं असेल. भांडी नवऱ्याकडे गेली (तेवढाच फायदा), हात तसेच.

शेवटी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, त्यात बारीक बारीक गोल डब्या असतात, प्रत्येकीत एकेक पदार्थ. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, आणि आम्ही हे केलं मे महिन्यात!! दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि चौथ्या दिवशी परत बघतात. माझ्या पाठीवर एकच चौकोन टरारून उठला होता, फ्रॅग्रन्स मिक्सचा. त्यात आठ सुवासिक पदार्थ असतात म्हणे, त्यातला जिरॅनिऑल म्हणजे माझं रोशा तेल आणि युजेनॉल म्हणजे माझं लवंग तेल. डॉक्टरांनी विचारलं हे दोन कुठे भेटतात तुम्हाला, मी म्हटलं घरी पाच पाच लिटर आहेत.

आता जन्माचं झालं. दिवाळीचं सुगंधी उटणं बंद, अत्तर बंद, दाताच्या डॉक्टरला पण आधी सांगावं लागतं कारण त्यांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंगेतलं तेच युजेनॉल असतं. पाच वर्षांच्या पोरीच्या मागे हे लावून देऊ नका.

सातपुडा_भट्टी

राम राम. मी डॉक्टर नाही, आमचा भट्टीचा धंदा आहे, रोशा आणि गवती चहाचं तेल काढतो. जुन्या काळी खानदेशातलं रोशा तेल मुंबईच्या बंदरातून पार तुर्कस्तानात जायचं आणि तिथून पुढे गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला, युरोपात त्याला टर्किश जिरेनियम म्हणायचे, तुर्कस्तानात एक काडी उगवत नव्हती ह्याची. असो, विषयांतर.

सांगायचं हे की झाडाचं तेल म्हटलं की लोकांना खोबरेल, करडई, तीळ असं वाटतं. ती घाण्याची तेलं, बियांतून पिळून काढलेली. भट्टीचं तेल तेल नसतंच तसं. आम्ही शंभर किलो गवत टाकीत दाबून भरतो, खालून वाफ सोडतो, ती वाफ थंड केली की पाण्यावर वर जे तरंगतं ते तेल, शंभर किलोला अर्धा किलो मिळालं तरी आम्ही खूष. म्हणजे मूठभर गवतातला वास दोन-चार थेंबात. गवती चहाची चार पानं चहात टाकणं आणि त्याचं तेल कातडीवर चोळणं हे एक कसं असेल. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या मनगटावर लालपणा येतोच, सेपरेटरमधून तेल काढताना शिंतोडे उडतात.

दुसरं म्हणजे हवा. आम्ही ड्रम गळ्यापर्यंत भरतो, अर्धा ड्रम ठेवत नाही, उन्हात ठेवत नाही, कारण हवा लागली की तेल बिघडतं. ताई, तुमच्या बाटल्या किती जुन्या आहेत आणि किती भरलेल्या आहेत ते बघा, टी ट्रीचा वास घ्या आणि झाकणाच्या आट्यांना बोट लावून बघा.

ओवीची_आई

भट्टीवाले दादा, आत्ता जाऊन बघितलं. नणंदेनं तिच्या डेमोच्या पेटीतल्या दिल्या होत्या, म्हणजे ती लोकांना वास द्यायला उघडते त्या. लॅव्हेंडर तळाशी चार बोटं पण नाही. टी ट्रीच्या आटीला बोट चिकटलं, काकवी सांडून वाळल्यावर लागते तशी, आणि वास रंगाच्या दुकानात टर्पेंटाइनचा येतो त्याच्या जवळचा. तिला विचारलं कधी उघडलेली, तर म्हणाली मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीत. आणि ही पेटी तिच्या गाडीच्या डिकीत असते 😐

त्वचाबित्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही, पण जे लिहिलंय त्याची उत्तरं देता येतील.

पहिलं, विष वगैरे काही बाहेर पडत नाहीये. हा शब्दप्रयोग मला दर ओपीडीत ऐकू येतो आणि त्याचा फायदा एवढाच की माल विकणारा कधीच चुकत नाही, बरं वाटलं तर तेलानं, वाढलं तरी तेलानंच.

बारा दिवसांचं कोडं सोपं आहे. कॉन्टॅक्ट अ‍ॅलर्जी, म्हणजे कातडीला एखादी गोष्ट लागून होणारी, पहिल्या दिवशी होत नाही. हे सुवासिक रेणू फार छोटे असतात, इसबवाल्या कातडीची भिंत आधीच खिळखिळी असते, ते सहज आत जातात, कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि तिथल्या पहारेकरी पेशी हे पार्सल उचलून जवळच्या लिम्फ नोडमध्ये नेतात. तिथे त्या रेणूची ओळख पाठ असलेल्या टी सेल तयार होतात. ह्या सगळ्याला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, कधी महिने आणि वर्षं, साबणवाल्या ताईंचं बघा. ओळख एकदा पक्की झाली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत लाल, फोड, लस. म्हणजे तुमची ती 'जादू' चालू होती तेव्हा आत हे काम चालू होतं. जादू बहुतेक खोबरेलाची होती, आंघोळीनंतर लगेच, रोज न चुकता, प्रेमानं चोळलेलं. मॉइश्चरायझर असं लावत होतात का? प्रामाणिकपणे सांगा, रागावणार नाही.

पापण्यांचं म्हणाल तर तिथली कातडी अंगात सगळ्यात पातळ. मूल तेलकट हातानं डोळे चोळतं, उशीच्या अभ्र्याला तेल लागतं. जिथे लावलं नाही तिथे, त्यातही पापण्यांवर उठणं, ही आमच्यासाठी संपर्काच्या अ‍ॅलर्जीची मोठी खूण आहे.

प्रमाण. मिलीला साधारण वीस थेंब धरा, ५० मिली म्हणजे हजार थेंब, तुम्ही पस्तीस टाकले म्हणजे साडेतीन टक्के. मोठ्या माणसाच्या धडधाकट कातडीला मसाजसाठी लोक एक-दोन टक्के वापरतात. चिरलेल्या कातडीच्या मुलाला साडेतीन टक्के आणि मग दोन दिवस शंभर टक्के, बिचारी किंचाळणारच. पण एक टक्का केलं असतं तर चाललं असतं का असं विचारणार असाल तर नाही, एकदा अ‍ॅलर्जी झाली की कमी प्रमाणालाही कातडी ओळखते.

तुळशीबागवाल्या ताईंचा मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नाही. तो हिस्टामिनचा प्रयोग खरा आहे, २००२ साली छापून आला, सत्तावीस जण होते, आणि नंतर निकेलच्या चट्ट्यावरही टी ट्रीचा फायदा दिसला. तेलातल्या टर्पिनेन-४-ऑल ह्या घटकाचं ते काम. पण ते सगळे मोठे होते आणि प्रयोग थोड्या दिवसांचा होता. इसबवाल्या मुलाला महिनोन् महिने रोज लावायचं हा प्रश्नच वेगळा. त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झालाय, २००० साली छापला, इसबाची सोळा मुलं, निम्म्यांना आईकडून साधा मसाज आणि निम्म्यांना सुगंधी तेलांचा. बरं दोन्ही गटांना वाटलं, सारखंच. आणि पुढे तेलं चालू ठेवल्यावर तेलवाल्या मुलांचं बिघडायला लागलं. लहान अभ्यास आहे, सोळाच मुलं, पण ओवीचीच गोष्ट आहे ना ती?

आता काय करायचं. दोन्ही बाटल्या बंद. अभ्रे, चादरी, तेलकट फ्रॉक गरम पाण्यात धुवा. उद्या-परवाच तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि बाटल्या बरोबर न्या. पिवळी खपली, ताप, किंवा टाचणीनं टोचल्यासारखे एकसारखे खोल दुखरे फोड पसरले तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा, इसबावर हर्पिसचा व्हायरस बसला तर मुलं आजारी पडतात.

आणि ते कपाटातलं मलम. सासूबाईंचा व्हिडिओ अगदी खोटा नाही, आपल्याकडे गोरं व्हायला म्हणून चेहऱ्यावर आणि गजकर्णावर मेडिकलमधून उचलून स्टिरॉइडची मिक्स मलमं लावून लोकांनी कातड्या बरबाद केल्यात, २०१८ मध्ये सरकारला अशी १४ स्टिरॉइडं शेड्युल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत त्या यादीत, टाकावी लागली. पण डॉक्टरनं वयाप्रमाणे, जागेप्रमाणे सौम्य दिलेलं, ठरावीक दिवस लावलेलं मलम ही वेगळी गोष्ट. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी ट्यूबची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बहुतेक आया भीतीपोटी त्याचा पाव भाग लावतात, मग बरं होत नाही, मग स्टिरॉइड काम करत नाही असं होतं. मॉइश्चरायझरचं उलटं, ते ओतायचं. ब्रिटनच्या गाईडलाइनमध्ये इसबवाल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलंय. तुमची ट्यूब किती ग्रॅमची आहे आणि किती महिने पुरते?

ओवीची_आई

शंभर ग्रॅमची. अडीच महिने 🙈

गोथेनबर्गकर

इथे स्वीडनमध्ये दहा वर्षं आहे, मला मानेवर व्हायचं, आफ्टरशेव्हमुळे. भट्टीवाले दादांनी हवा लागण्याचं म्हटलंय त्यावर आमच्या गोथेनबर्गच्या युनिव्हर्सिटीतच पुष्कळ काम झालंय. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल असतं, ते ताजं असताना फारसं त्रास देत नाही. पण बाटली उघडी-बंद होत राहिली की हवेतला ऑक्सिजन लागून त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते खरे वांड. म्हणून माझी टेस्ट करताना साधं लिनालूल नाही, मुद्दाम हवा खाल्लेलं लिनालूल लावलं होतं. पॅच टेस्टला येणाऱ्या शंभरातल्या पाच-सात जणांना ते उठतं. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचं पण तसंच.

अजून एक मजेशीर म्हणजे जपानचं. तिथे पॅच टेस्टला आलेल्या लोकांत लॅव्हेंडर तेलाची अ‍ॅलर्जी १९९० साली एक टक्का होती, १९९८ पर्यंत जवळजवळ चौदा टक्क्यांवर गेली. मधल्या काळात उशीत, कपाटात लॅव्हेंडर ठेवायची फॅशन आली होती. आपल्याकडे आता जम्मूत भदरवाहला लॅव्हेंडरची शेती जोरात आहे, शेतकऱ्यांचं भलं होतंय, छानच आहे, पण दहा वर्षांनी आपल्या पॅच टेस्टांमध्ये काय दिसेल ते बघायला आवडेल.

तुळशीबागवाली

डॉक्टरसाहेब, मान्य, लहान मुलांना नको. पण मग नेटवर शेकड्यांनी पेपर आहेत, अमुक तेलानं इसब बरं झालं, तमुक तेलानं सूज उतरली, आकडे दिलेत, फोटो दिलेत, ते सगळे खोटे का? माझा नवऱ्याशी पण ह्यावरून वाद झाला काल.

त्वचाबित्वचा

खोटे नाहीत, पण ते कुणावर केलेत ते वाचा, पहिल्या परिच्छेदात असतं. बहुतेकदा उंदीर. उंदराला आपल्यासारखं इसब होत नाही म्हणून त्याच्या पाठीचे केस काढून डीएनसीबी नावाचं रसायन पुन्हा पुन्हा लावतात, कातडी लाल जाड होते, मग तेल लावतात, चार आठवड्यांत मोजतात, संपलं. सूज करणारे निरोप्ये रेणू कमी झाले असं दिसतं आणि ते खरंही असतं. पण त्या उंदराला पुढे महिनोन् महिने ते तेल रोज लावून अ‍ॅलर्जी होते का हे कुणी बघत नाही. आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तर काय, अर्धं स्वयंपाकघर सूज उतरवतं. औषध होण्याची पहिली पायरी आहे ती, कुणी सांगावं, उद्या टर्पिनेन-४-ऑल वेगळं काढून, मोजून, हवाबंद ट्यूबमध्ये भरून चांगलं मलम येईलही. पण आज डिकीतली बाटली ते नव्हे.

तुमच्या निकेलवर तुम्हाला चालतंय तर मी हिसकावून घेणार नाही. फक्त बाटली छोटी घ्या, उघडली ती तारीख वर लिहा, सहा-आठ महिन्यांत टाकून द्या, आणि बटणाला आतून कापड शिवा, ते तेलापेक्षा स्वस्त पडेल.

मिसळ_जास्त_तर्री

मग लॅव्हेंडरऐवजी कॅमोमाइल? आमच्या हिला इन्स्टावर दिसलंय, निळंशार तेल असतं, लई शांत वाटतं म्हणे. आमचे वडील पुण्याजवळ शेती बघतात, त्यांना उन्हाळ्यात तोंडाला आणि मानेला खाज सुटते, कातडी काळी जाड झालीय. त्यांना द्यावं का?

त्वचाबित्वचा

थांबा थांबा. शेतकरी, चेहरा, मान, जाड काळी कातडी, हे आधी गाजर गवत आहे का ते बघावं लागेल. काँग्रेस गवत म्हणा हवं तर. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, भारतात पन्नाशीच्या दशकात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं, आणि त्याचा कोरडा भुगा वाऱ्यानं उडून उघड्या अंगावर बसतो, पापण्या, मान, कोपराच्या घड्या. कॅमोमाइल त्याच घराण्यातलं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळी भावकी. गाजर गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला कॅमोमाइल लावणं म्हणजे भांडण झालेल्याच्या घरी त्याच्या चुलतभावाला जेवायला पाठवणं. निळा रंग येतो तो कॅमाझुलीनमुळे आणि ते सूज उतरवतं हे खरं, पण वडिलांना आधी पॅच टेस्ट. आपल्याकडच्या टेस्टच्या संचात पार्थेनियम, म्हणजे हेच गाजर गवत, असतंच.

मिसळ_जास्त_तर्री

बाप रे. चेष्टेत विचारलं होतं. बांधावर कमरेएवढं माजलंय ते गवत, दरवर्षी बाबा स्वतः हातानं उपटतात. नेतो ह्या आठवड्यात.

साबणवाली_नाशिक

आणि कुणी बावचीचं तेल सुचवलं तर त्याच्यापासून पण लांब राहा, आमच्या शेजारच्या काकूंनी कोडाच्या डागावर लावून गच्चीत पापड वाळवायला बसल्या, दोन दिवसांत हातभर फोड. ऊन आणि बावची एकत्र आलं की भाजल्यासारखंच होतं.

कापूर, पुदिना, निलगिरी हे पण लहान मुलांना नाकाजवळ नको असं आमच्या बालरोगवाल्या बाई सांगतात, आणि पोटात गेलं तर फिट येऊ शकते. बाटल्या वर ठेवा.

ओवीची_आई

सव्वा महिन्यानं लिहितेय, माफ करा, मध्ये दिवाळी होती आणि घरात थोडं महाभारत झालं.

डॉक्टरांकडे गेलो, बाटल्या नेल्या. त्यांनी बघूनच सांगितलं की हे मूळचं इसब आहेच पण वर कॉन्टॅक्टचं चढलंय. चार-पाच दिवस ओल्या कपड्याच्या पट्ट्या, म्हणजे मलम, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती बनियनचा तुकडा आणि वरून कोरडा. ओवीला ममी ममी खेळायला मिळालं म्हणून खूष. आठवड्यात उतरलं. फोडांच्या जागी आता फक्त फिकट डाग आहेत. पॅच टेस्ट एवढ्यात नको म्हणाले, पाठ पूर्ण कोरी झाल्यावर, उन्हाळ्याच्या आधी करू.

मॉइश्चरायझर आता अर्ध्या किलोचा डबा आणलाय, बिनवासाचा. आंघोळ दहा मिनिटांत आटपायची, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच लावायचं. सासूबाईंनी विचारलं मग खोबरेल पण बंद का, तर डॉक्टर म्हणाले खोबरेल लावा की, फिलिपिन्समध्ये मुलांवर करून बघितलंय, मिनरल ऑइलपेक्षा व्हर्जिन खोबरेल सरस ठरलं, फक्त घाण्याचं शुद्ध घ्या आणि सुगंधी केसांच्या तेलाची बाटली नको. मोहरीचं नको म्हणाले. सासूबाई एकदम खूष, त्यांचा शब्द राहिला, आता संध्याकाळचं तेल लावायचं काम त्यांनीच घेतलंय आणि मलमाची रेघ पण बोटावर मोजून त्याच काढतात, मला हात लावू देत नाहीत!

नणंद अजून थोडी घुश्शात आहे. भाऊबीजेला आली तेव्हा ओवीनंच तिला सांगितलं, आत्या तुझ्या तेलानं मला भाजलं. त्यावर काही बोलली नाही. जाताना पेटी मात्र गाडीत होती तशीच.

आता शेवटचा प्रश्न, उरलेल्या तेलाचं काय करू? टाकवत नाही, टी ट्रीची जवळजवळ अर्धी आहे. फरशी पुसायच्या पाण्यात घातलं तर चालेल का?

सातपुडा_भट्टी

ओवीचं वाचून बरं वाटलं. बिघडलेलं तेल आम्ही पण फरशीलाच वापरतो ताई, पण तुमच्याकडे पोरगी फरशीवरच लोळत असणार, मग कशाला. आणि घरात मांजर आहे का? टी ट्री मांजराला विषारी असतं, पंजे चाटले तरी पोटात जातं.

ओवीची_आई

आहे. दोन आहेत. बाटली चाललीय कचऱ्यात.